अठराव्या वर्षीच्या मला मी काहीही सांगणार नाही



या चातुर्मासात आमच्या मंडळानं पत्रलेखन स्पर्धा ठेवली होती. विषय होता, 'अठरा वर्षांच्या मला पत्र'. दरवर्षी आरतीचं ताट सजवणे, धार्मिक हाऊजी आणि स्तवन स्पर्धा असतेच, म्हणून यंदा नवीन काहीतरी. बावीस पत्रं आली. परीक्षक म्हणून माझ्याकडे गठ्ठा आला, कारण मी 'लिहिते'. प्रतिक्रमण झाल्यावर रात्री एकेक वाचत बसले.

बावीसपैकी एकोणीस पत्रांत एकच मजकूर होता. अगं, थोडी सहनशील हो. सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. पुरणपोळी माहेरीच शिकून घे. रागावर ताबा ठेव. तब्येतीकडे लक्ष दे, पाठदुखी मागे लागेल. आईचं ऐकायला हवं होतंस. एकीनं तर त्या अठरा वर्षांच्या मुलीला इतकं झापलं होतं की मला त्या पोरीची दया आली. पत्र लिहिणारी आज साठीची आहे, दोन नातवंडांची आजी, आणि अजूनही त्या मुलीवरच चिडलेली.

मी नंबर काढले नाहीत. मंडळाच्या अध्यक्षा थोड्या नाराज झाल्या. त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, ते इथं देते. माझं भांडण पत्रांशी नाही, विषयाशी आहे. अठराव्या वर्षी आपल्यापैकी कुणी काय ठरवलं होतं? ज्या मुलीला कुणी काही विचारलंच नाही, तिला तीस-चाळीस वर्षांनी सल्ला कसला द्यायचा? तिच्या हातात काही असतं तर सल्ल्याचा उपयोग होता. आपण मात्र पुन्हा तिलाच उभी करून म्हणतोय, तू असं वागायला हवं होतंस. घरातली मोठी माणसं जे तेव्हा म्हणत होती तेच आपण आता म्हणतोय, फक्त सुंदर अक्षरात, रंगीत कागदावर.

माझं सांगते. माझं माहेर वांबोरीचं. वडिलांचं दुकान होतं, बी-बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. मी शाळेत असल्यापासून संध्याकाळी दुकानात बसायचे. गहू-हरभऱ्याच्या कोणत्या वाणाला कुठली जमीन, कुठलं खत कधी, हे गिऱ्हाईकाला मीच सांगायचे. विद्यापीठाचे 'फुले' नावाचे वाण शेतकरी नाव घेऊन मागायचे. १९९३ साली बारावी झाले, मार्क चांगले पडले आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या कृषी अभियांत्रिकीच्या यादीत माझं नाव लागलं. घरापासून जवळ, सरकारी फी, मुलींना वसतिगृह. शिक्षक घरी पेढे मागायला आले होते.

पेढे दिले. प्रवेश घेतला नाही.

आमच्या मोठ्या काकू म्हणाल्या, "आपल्यात शेतीचं शिकत नाहीत. जमीन उकरायची, औषधं मारायची. षट्काय जीवांची हिंसा. मुलीच्या जातीला कशाला ते पाप?" वडील गप्प बसले. मला वाटतं त्यांना पाठवायचं होतं, पण त्या काळी मोठ्या वहिनीपुढे कुणी बोलत नसे. मीही गप्प बसले, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. धर्माचं नाव घेतलं की आपण गप्प बसतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. १९९४ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं आणि मी राहुरीत आले. विद्यापीठाचं गेट नगरला जाता-येता बसच्या खिडकीतून दिसतं. ज्या जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यांचं नाव त्या कमानीवर आहे. तीस वर्षं मी ते वाचतेय.

उत्तर सापडायला मला पंचवीस वर्षं लागली. मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर मी पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षा पुन्हा सुरू केल्या. (या परीक्षांना मात्र कुणाची हरकत नसते. कितीही वर्षं द्या, घरचे कौतुकच करतात.) त्यात श्रावकाची पंधरा कर्मादानं आली, म्हणजे श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे. काकूंचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. जमीन फोडण्याचं 'फोडीकम्मे' त्यात आहे. पण त्याच यादीत पुढे 'विषवाणिज्य' आहे. विषाचा व्यापार! मी पुस्तक मिटून किती तरी वेळ बसून होते. आमचं अख्खं दुकान विषवाणिज्याचं होतं. कीटकनाशकाच्या बाटल्यांवर लाल-पिवळे त्रिकोण असतात ना, ते मी रोज पुसून मांडायचे. त्यावर भावाचं शिक्षण झालं, माझं लग्न झालं, स्थानकाच्या जीर्णोद्धाराला देणगी गेली. ते चाललं. मुलीनं शेतीची अवजारं, पाण्याचं नियोजन, बांधबंदिस्ती शिकणं तेवढं पाप ठरलं.

वडिलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पोट भरायला माणूस जे करायचं ते करतो, आणि त्यांनी कुणाला कधी बनावट माल विकला नाही. माझा आक्षेप आहे तो नियम कुणाला लावायचा हे ठरवण्यावर. धंद्याला सवलत आणि मुलीला नियम, असं आगमात कुठं लिहिलंय ते मला कुणी दाखवावं.

उलटच लिहिलंय. आदिनाथ भगवंतांनी लोकांना असि, मसि आणि कृषी शिकवली, हे आपण पाठशाळेतल्या पोरांकडून घोकून घेतो. त्यांनी ब्राह्मीला उजव्या हातानं लिपी शिकवली आणि सुंदरीला डाव्या हातानं गणित शिकवलं. म्हणजे आपल्या परंपरेत पहिला हिशेब मुलीला शिकवला गेला. आणि आज आपल्या किती घरांत गल्ल्याची किल्ली सुनेकडे आहे? कौशांबीच्या जयंती श्राविकेनं समवसरणात उभं राहून भगवान महावीरांना प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि भगवंतांनी एकेकाचं उत्तर दिलं, कंटाळले नाहीत. आपण घरात विचारलं, "या महिन्यात किती उरले?" तर उत्तर येतं, "तुला काय करायचंय?"

आता दुसरी गोष्ट सांगते, ही बऱ्याच जणींच्या घरची असेल. आमची भुसार मालाची आडत आहे. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी माझ्या नावानं एक फर्म काढली गेली. इन्कम टॅक्ससाठी सोयीचं पडतं म्हणून. मी त्या फर्मची मालकीण. दिवाळीत वहीपूजनाला मी नव्या चोपडीवर स्वस्तिक काढायचे, गौतमस्वामींचं नाव लिहायचे, कुंकू वाहायचे. आतलं पान मात्र कधी उलटलं नाही. मुनीमजी चेकबुक घेऊन यायचे, मी पोळ्या लाटता लाटता हात पुसून दहा-दहा कोऱ्या चेकवर सह्या करायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा नोंदणी माझ्या नावावर झाली आणि ओटीपी यांच्या मोबाईलवर येऊ लागला.

एप्रिल २०२१ मध्ये यांना करोना झाला. नगरला अॅडमिट केलं, आठ दिवस ऑक्सिजनवर होते, फोनवर बोलायचीही ताकद नव्हती. मोबाईल त्यांच्याकडे, ओटीपी मोबाईलवर, आणि पैसे भरायला काउंटरवर मी. बँकेत गेले तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या सीसीचं स्टॉक स्टेटमेंट यायचं बाकी आहे." मला सीसी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. माझ्या नावावर कॅश क्रेडिटचं कर्ज होतं, घर तारण होतं, तारणाच्या कागदावर माझी सही होती. सही माझीच होती, वळणदार, पाठशाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरातली. कधी केली ते आठवेना. दिरांनी पैशांची सोय केली, हे बरे होऊन घरी आले, धर्माची कृपा. पण त्या आठ रात्री मी णमोकार म्हणत होते आणि मध्येच मनात येत होतं, यांना काही झालं तर मला किती देणं आहे आणि किती येणं आहे, हे मुनीमजींना विचारावं लागेल. मुनीमजी भले माणूस. पण भले नसते तर?

यांनी फसवलं का? अजिबात नाही. मी विचारलं नाही आणि त्यांना सांगावंसं वाटलं नाही. आमचा संसार चांगला आहे. म्हणूनच हे लिहायला हवं. चांगल्या संसारातही असं होतं, तर बाकीच्यांचं काय होत असेल?

आणि इथं धर्माचा मूळ मुद्दा येतो. आपण बारा व्रतं घेतो. पाचवं अणुव्रत परिग्रहाच्या परिमाणाचं. दर चातुर्मासात फॉर्म येतो, साड्या इतक्या, सोनं इतकं, खोल्या इतक्या, वाहनं इतकी. आपण भराभरा आकडे टाकतो. उपासकदशांगात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकानं भगवंतांसमोर परिमाण केलं, ते आठवा. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरात, दहा हजारांचं एक असे गायींचे चार कळप, शेतीसाठी पाचशे नांगर. (पाचशे नांगर! शेतीचं ज्ञान नसलेल्या माणसाचा हा आकडा नव्हे.) त्याला स्वतःकडे काय आहे हे शेवटच्या नांगरापर्यंत माहीत होतं, म्हणून तो म्हणू शकला, याच्या पुढे नाही. घरी आल्यावर त्यानं बायकोला, शिवानंदेला सांगितलं, तूही जा. "माझ्या व्रतात तुझं आलंच" असं तो म्हणाला नाही. ती स्वतः रथात बसून गेली आणि तिनं स्वतः बारा व्रतं घेतली.

मी माझ्या फॉर्ममध्ये वर्षानुवर्षं बावन्न साड्या आणि तीस तोळे लिहीत आले. फर्म लिहिली नाही, कर्ज लिहिलं नाही, कारण ती माझी आहेत हे मला माहीतच नव्हतं. असं परिमाण भगवंतांनी मान्य केलं असतं का? जे मोजलंच नाही त्याची मर्यादा कशी बांधणार?

हक्कसोड पत्राचंही तेच. २०११ साली वडील गेल्यावर वर्षाच्या आत भावानं गाडी पाठवली. दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा, फोटो, सही. नंतर हॉटेलात जेवण, हिरवी पैठणी, आणि वहिनीच्या डोळ्यांत पाणी. "ताई, तुम्ही मन मोठं केलंत." मला बरं वाटलं. कागद मी वाचला नव्हता.

आता वाचलंय आणि कायदाही थोडा वाचलाय, म्हणून सांगते. वारसाहक्काचा जो हिंदू कायदा आहे तो जैनांनाही लागू आहे. २०१४ साली आपल्याला देशपातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्यानं यात काही बदललेलं नाही. वडिलांची स्वतःच्या कमाईची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्रानं मुलींना हक्क दिला तो २२ जून १९९४ पासून, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. माझं लग्न मे महिन्यातलं. एका महिन्यानं हुकलं, आणि मला ते सतरा वर्षं कळलंही नाही. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यानं लग्नाची ती अट गेली. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुलीचा हा हक्क जन्मानं आहे, त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. आणि नोंदणी करून सोडलेला हक्क सहजासहजी परत येत नाही.

मी केस करणार आहे का, असं धाकट्या बहिणीनं घाबरून विचारलं. नाही गं. भाऊ माझा चांगला आहे, भाऊबीज मला हवी आहे. कदाचित कागद वाचूनही मी सही केली असती. पण तेव्हा मला म्हणता आलं असतं की मी त्याग केला. आपण त्यागाचा धर्म मानणारी माणसं. वर्षीतप करणारीला ठाऊक असतं की ती काय सोडतेय, समोर ताट असतं. माझ्यासमोर ताट आलंच नव्हतं, आणि उपवासाचं पारणं मात्र थाटात झालं.

हे मी मंडळात बोलले तेव्हा दोन-तीन मुद्दे निघाले. एक जण म्हणाली, "शिक्षणाचं एवढं काय? आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, तरी बियाणं जपलं आणि २०२० ची पद्मश्री मिळाली." राहीबाईंना माझा दंडवत. पण बाई, त्यांनी काम केलं. मातीत हात घातला, वाण ओळखले, राखले, वाटले. त्यांचं उदाहरण देऊन आपण मुलीला घरात बसवायचं, हा कुठला न्याय? शाळेविना त्यांनी एवढं केलं, तर शाळा मिळालेल्या आपण काय केलं, असा प्रश्न निघतो त्यातून.

दुसरी म्हणाली, "आपल्या समाजात बायकांना मान आहे, चंदनाजींकडे बघा." बघूया. आचार्य चंदनाजी पुणे जिल्ह्यातल्या चासकमानच्या, म्हणजे आपल्याच मराठी मुलखातल्या. लहान वयात दीक्षा, आगमांचा अभ्यास, राजगीरला वीरायतन, तिथं डोळ्यांचा दवाखाना, कच्छच्या भूकंपानंतर तिथल्या मुलांसाठी शाळा. १९८७ साली त्यांना आचार्यपद मिळालं, एका साध्वीला पहिल्यांदाच, आणि २०२२ साली पद्मश्री. त्या ज्या वाटेनं गेल्या तिला आपल्यातून विरोध थोडा झाला नाही, हे आपल्या सासवांना विचारा. आज मात्र त्यांचा फोटो लावतो. मला एवढंच दिसतं की आपल्याकडे मुलीला संसार सोडून जायची परवानगी मिळू शकते, तिची वरघोडा काढून मिरवणूक निघते, पण चार वर्षं वसतिगृहात राहायची परवानगी मागितली तर "पोरगी हाताबाहेर जाईल."

तिसरा मुद्दा नेहमीचा. आपल्याकडे व्यापार आहे, देवाच्या दयेनं कमी नाही, नोकरी कशाला? मी नोकरीचं बोलतच नाहीये. व्यापार आहे ना, मग व्यापारात घ्या. बायोडेटावर 'एम.कॉम.' लिहून मुलगी आणता आणि तिला मेथीचे ठेपले किती पातळ लाटता येतात ते बघता. एम.कॉम. झालेल्या सुनेला रोजमेळ आणि खतावणी दाखवायला दहा मिनिटं लागतात.

तेव्हा अठराव्या वर्षीच्या माझ्याविषयी माझी काही तक्रार नाही. तिला दुकानातलं सगळं येत होतं, मार्क होते, यादीत नाव होतं. सल्ला द्यायचाच तर पन्नाशीतल्या मला द्यावा लागेल, कारण आता घरातली मोठी काकू मीच आहे. माझ्या पुतणीची सीईटी यंदा झाली. तिला अन्नतंत्रज्ञान शिकायचंय, कॉलेज बाहेरगावी आहे. जाऊबाईंनी दोन महिन्यांपूर्वीच तिचे साडीतले फोटो काढून घेतले, 'असू देत' म्हणून. परवा जेवताना विषय निघाला, तेव्हा एका पाहुण्या बाईंनी सुरुवात केली, "हॉस्टेलच्या मेसमध्ये कांदा-लसूण, रात्रीचं जेवण, कसं पाळणार पोरगी?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी धार्मिक म्हणून. मी म्हटलं, मेसच्या बाईंना मी स्वतः भेटून येईन, चौविहाराचा डबा लवकर मिळेल का विचारेन, आणि नाहीच मिळाला तर खाकरे, मुगाची डाळ आणि इलेक्ट्रिक कुकर देऊन येईन. ती रोज पाळेल की नाही ते तिचं व्रत, तिनं ठरवावं. दीर काही बोलले नाहीत. जाऊबाईंनी वाढणं थांबवून फक्त विचारलं, "फी कधी भरायची असते?" अजून भरलेली नाही. शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आहे आणि घरात अजून दोन दिवस बोलणी होतील, मला ठाऊक आहे.

मंडळाच्या अध्यक्षांना मी नवीन स्पर्धा सुचवली होती, तिला अजून होकार आलेला नाही. म्हणून घरीच सुरू केली. दर रविवारी दुपारी तीन वाजता माझ्याकडे या. येताना आपलं पासबुक, आपल्या नावाच्या फर्मचे कागद, पॉलिसी, कुठं सही केली असेल तर त्याची नक्कल, जे सापडेल ते आणा. गेल्या रविवारी पाच जणी आल्या होत्या. एकीला तिच्या नावावर दोन गाळे असल्याचं कळलं, दुसरीच्या लॉकरवर तिचं नावच नव्हतं. माझी सून कॉमर्सची आहे, ती समजावून सांगते. पाणी उकळलेलं असतं, सरबत कोकमाचं, आणि सूर्यास्ताआधी तुम्ही घरी पोहोचाल.